डोक्याला खोडवा येत नाही

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर परवा संध्याकाळी एका मित्राने टोपी काढली आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. "मागनं काय दिसतंय काय रे? खरं सांग."

दिसत होतं. चार वर्षांपूर्वी त्याने हेअर ट्रान्सप्लांट केलं, म्हणजे डोक्यामागचे केस काढून पुढे लावून घेतले, कपाळावरची बाजू झकास भरली. लावलेले केस टिकले, पण मधले मूळचे केस गळतच राहिले आणि आता टाळू उघडी पडतेय. म्हणून दुसऱ्यांदा करायचा बेत. तेवढ्यात सलूनमध्ये मागे झिरो मशीन फिरलं आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पांढरे ठिपके उमटले, मीठ भुरभुरल्यासारखे. 'टाका नाही, म्हणजे व्रण नाही' असं ऐकून तो पहिल्यांदा बसला होता. आणि मनात अजून एक समज: काढलेल्या जागी परत उगवतीलच की! माणूस ऊसवाला. तोड झाली की बुडख्यातून खोडवा फुटतो, हे लहानपणापासून पाहिलेलं.

केस कापला किंवा उपटला तर खोडवा येतो, कारण मूळ जागेवर असतं. इथे मूळच उचलून नेलेलं असतं. तरव्यातून भाताचं रोप काढून चिखलात लावावं तसं. तरवा मोकळाच होत जातो. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातले केस टक्कल पाडणाऱ्या हार्मोनला दाद देत नाहीत आणि जागा बदलली तरी हा गुण सोडत नाहीत. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी 1959 मध्ये हे मांडलं. सगळा धंदा या एका गुणावर उभा आहे. पण पट्टा तेवढाच.

आता ठिपक्यांचा हिशोब. एकेक ग्राफ्ट, म्हणजे एक ते चार केसांचा झुबका, साधारण 0.9 मिलिमीटर व्यासाच्या पोकळ सुईसारख्या पंचने काढतात. एक भोक क्षुल्लक. 2500 भोकांचं क्षेत्रफळ मात्र जवळजवळ 16 चौरस सेंटिमीटर भरतं. भरताना भोकं आकसतात, तरी प्रत्येकाच्या जागी व्रणाचा टिपका उरतो. त्यात रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी कमी, म्हणून आपल्या सावळ्या कातडीवर तो पांढरा उठून दिसतो. जुन्या पद्धतीत कातडीची पट्टीच काढून टाके घालतात. तिथे ठिपक्यांऐवजी एक लांब रेघ राहते. बिनव्रणाची पद्धत अजून निघालेली नाही, जाहिराती काहीही म्हणोत.

मग पहिल्या खेपेला फारसं काही दिसत का नाही? कारण साधारण निम्मी दाटी जाईपर्यंत आपल्या डोळ्याला फरक चटकन कळत नाही. शेजारचे केस व्रणावर पांघरूण घालतात. दुसऱ्या खेपेला नेमके हेच पांघरूण घालणारे केस काढले जातात. म्हणजे नवे व्रण वाढतातच, वर जुनेही उघडे पडतात. मित्राच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे होतं.

कातडीखाली आणखी एक भानगड असते. निरोगी कातडीत कोलॅजनचे धागे बाजेच्या विणीसारखे आडवेतिडवे असतात. व्रणात ते एका दिशेने घट्ट दाटतात. असा भाग कडक होतो आणि आसपासच्या मुळांचे कोन फिरवतो. वरून केस एका दिशेला झुकलेला, आत मूळ भलतीकडे. पंच सरळ गेला की मूळ चिरलं. पट्टी पद्धतीत दुसऱ्यांदा जुनी रेघ नव्या पट्टीबरोबर कापून घेता येते, म्हणजे रेघ एकच राहते. पण कातडीतली ढिलाई पहिल्यांदाच खर्ची पडलेली असते. ताण आला की तीच रेघ रुंदावते.

व्रण पिकायला वर्षभर, कधी दीड वर्ष लागतं. त्याआधी दुसऱ्या खेपेची घाई सांगणाऱ्यापासून मी तरी लांब राहीन. तंबाखू आणि ताब्यात नसलेली साखर जखम भरणं लांबवतात. कान टोचल्यावर किंवा लस घेतल्यावर गाठीसारखा वाढलेला व्रण, म्हणजे केलॉइड, स्वतःला किंवा घरात कुणाला झाला असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगायचं. डोक्यावर तो क्वचितच होतो, पण झाला तर मूळ जखमेची हद्द ओलांडून पसरतो.

व्रणातच केस लावून तो झाकता येतो. दाढीचे केसही त्यासाठी वापरतात. मात्र तिथे रक्तपुरवठा तोकडा, म्हणून रोपं विरळ लावावी लागतात आणि सगळी धरत नाहीत. दुसरा उपाय म्हणजे सुईने रंगाचे बारीक ठिपके गोंदवणं. तो फिका पडतो, पुन्हा भरावा लागतो.

मित्राला म्हटलं, आधी मागच्या पट्ट्याची दाटी भिंगाखाली मोजून घे. तिथे किती शिल्लक आहे ते कळल्याशिवाय पुढची बोलणी नको. त्याने दुधाचा ग्लास रिकामा केला, टोपी घातली.

"आणि तवर?"

"तवर मागे बोटभर केस ठेव."

"एवढंच व्हय!" म्हणत त्याने तिथूनच सलूनवाल्याला फोन लावला. "भावा, फुडच्या टायमाला मागं मशीन न्हाई. कात्रीच."