टाकीच्या दांडीपासून मनगटापर्यंत

स्कूबाचे साहित्य भाड्याने घेतले की डाव्या अंगाने लोंबणारा एक जड ठोकळा सोबत येतो. प्रेशर गेज, डेप्थ गेज आणि कधी होकायंत्रही एकाच रबरी साच्यात बसवलेला हा कन्सोल. बरेच मुरलेले पाणबुडे तो वापरत नाहीत. खोली आणि वेळ मोजून वर येण्याचा हिशेब सांगणारा त्यांचा कॉम्प्युटर मनगटावर असतो आणि प्रेशर गेज कमरेच्या कडीला अडकवलेले.

१९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी ॲक्वालंग, म्हणजे पाठीवरच्या टाकीतली हवा श्वासागणिक पुरवणारे उपकरण, घडवले. त्यानंतर बरीच वर्षे सामान्य पाणबुड्याजवळ टाकीतली हवा दाखवणारे गेज नसे. भिस्त असे ती जे-व्हॉल्व्हवर. टाकीतला दाब साधारण २० बारवर (बार हे दाबाचे एकक) उतरला की त्यातली स्प्रिंग हवेची वाट आवळू लागे. श्वास ओढताना जोर पडला की टाकीच्या कडेची दांडी खाली ओढायची, मग राखीव हवा मोकळी होई आणि तेवढ्यावर वर यायचे. घात एकाच गोष्टीत होता. दांडी खडकाला किंवा जाळ्याला लागून आधीच खाली आली असेल, तर राखीव हवा नकळत वापरली जाई आणि पुढचा जड श्वास हाच शेवटचा इशारा ठरे. प्रेशर गेज सर्रास झाले ते सत्तरच्या दशकात. माझ्या मते स्कूबाच्या इतिहासात याइतके जीव वाचवणारे उपकरण दुसरे नाही.

त्यामागचे तंत्र मात्र बरेच जुने आहे. फ्रान्सच्या यूजेन बूर्दों यांनी १८४९ मध्ये पेटंट घेतलेली वाकडी धातूची नळी आजही गेजमध्ये असते. जत्रेतली कागदी पिपाणी फुंकल्यावर उलगडते, तशी ही नळी आत दाब वाढला की किंचित सरळ होते आणि दात्यांच्या चाकांमार्फत काटा फिरवते. खोलीसाठी त्याहून साधी युक्ती होती, एका टोकाला बंद असलेली पारदर्शक नळी. उघड्या टोकातून पाणी आत शिरून हवा दाबते: १० मीटरवर तिच्यातली हवा निम्मी होते, २० मीटरवर एक तृतीयांश, ३० मीटरवर पाव. उथळ पाण्यात ती चोख खोली दाखवते, पण खोलवर आकडे एकमेकांना इतके चिकटतात की वाचता येत नाहीत.

वेळ मोजायला १९५३ च्या सुमारास फिरत्या कड्याची जलरोधक घड्याळे आली. दाबाखाली शरीरात मुरलेला नायट्रोजन झपाट्याने वर आल्यास बुडबुडे होऊन इजा करतो, म्हणून खोली आणि वेळ कळली की छापील तक्त्यावरून हळूहळू वर येण्याचा हिशेब करायचा. हा हिशेब यंत्रावर सोपवण्याचा एक प्रयत्न म्हणजे १९५९ चा इटालियन एसओएस मीटर. सच्छिद्र चिनी मातीतून हवा झिरपण्याच्या गतीवर तो शरीरातल्या नायट्रोजनचा अंदाज बांधे. पण शरीरातल्या निरनिराळ्या ऊती नायट्रोजन वेगवेगळ्या गतीने शोषतात, आणि एका झिरपणीत ते सगळे मावत नव्हते. १९८३ मध्ये ‘एज’ हा इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर आला, तो अशा बारा गटांचा हिशेब एकाच वेळी ठेवी. पुढे कॉम्प्युटर आकसत गेले आणि मनगटावर मावू लागले.

उपकरण अंगावर कुठे बसवावे, हा धडा फ्लोरिडाच्या पाण्याने भरलेल्या गुहांनी मोठी किंमत घेऊन शिकवला. हवेचा एक तृतीयांश भाग आत जायला, एक परतायला आणि एक अडीअडचणीला, हा तिथला नियम गेज वेळेवर वाचले तरच पाळता येतो. लोंबता कन्सोल मार्गदर्शक दोरीत अडकतो, तळाचा गाळ उडवतो आणि पाहता पाहता समोरचे काही दिसेनासे होते. म्हणून गेज आखूड होजवर (हवेच्या रबरी नळीवर) डाव्या कमरेच्या डी-रिंगला, म्हणजे डी आकाराच्या कडीला, आणि कॉम्प्युटर उजव्या मनगटावर, ही मांडणी तिथे रुजली आणि हळूहळू खुल्या समुद्रातही पसरली. नव्वदच्या दशकात होजशिवाय टाकीचा दाब मनगटावर धाडणारे ट्रान्समीटर आले, तरी संदेश तुटला तर हाताशी असावे म्हणून अनेकजण काट्याचे गेज सोडत नाहीत.

१९८७ मध्ये जाहीर झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यातही प्रवाळ आहेत. सिंधुदुर्गाजवळ बुडी घेणाऱ्याच्या पोटाखाली कन्सोल लोंबत असेल, तर तो आपटतो तो त्यांच्यावरच. तो जॅकेटला क्लिप करून घ्यायला पाण्यात उतरण्यापूर्वीचा अर्धा मिनिट पुरतो.