इंधन दरवाढ फक्त गाडीवाल्यांनाच भोवते का?

‘पेट्रोल-डिझेल महागलं तर झळ गाडीवाल्यांना, गरिबाकडे गाडीच नाही,’ असा समज आहे. पण तोही इंधनाचे पैसे मोजतो, फक्त पंपावर नाही. नांगरणीचा ट्रॅक्टर, विहिरीवरचं इंजिन, मालाचा ट्रक, कामावर नेणारी बस, बहुतेक सगळं डिझेलवर.

हिशेब करून पाहा. 10 टन माल, 400 किलोमीटर, लिटरला 4 किलोमीटर: 100 लिटर, म्हणजे किलोमागे 10 मिलिलिटर. इतकंच! त्यामुळे धान्य दुप्पट महागलं तर एकट्या वाहतुकीवर खापर फोडणं बरोबर नाही.

खरा फटका बसभाड्यात. दिवसाच्या मजुरीतून जाण्यायेण्याचं भाडं वजा करा. मजुरी तीच आणि भाडं वाढलेलं असेल, तर काटछाट थेट ताटात होते. कमी उत्पन्नात मोठा वाटा अन्नावरच जातो.