१८८२ चं ते मुंबईचं वादळ झालंच नव्हतं

६ जून १८८२ ला मुंबईत चक्रीवादळ येऊन १ लाख माणसं गेली, हा मेसेज निसर्ग वादळाच्या वेळीही घरोघरी फिरला. अहो, १८८१ च्या जनगणनेत अख्ख्या मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास, म्हणजे दर आठात एक माणूस मेला असता, आणि तेव्हाच्या पेपरांत त्याची बातमी नाही? हवामान अभ्यासकांनी जुन्या नोंदी तपासल्या, अशा वादळाचा पुरावाच मिळाला नाही, एका यादीतून दुसऱ्या यादीत नुसतं कॉपी होत गेलंय ते. नोव्हेंबर १९४८ चं वादळ मात्र खरं, ते मुंबईने सोसलंय. आणि २०२० मध्ये याच निसर्ग वादळात श्रीवर्धनला पोफळीच्या बागा अक्षरशः आडव्या झाल्या, फॉरवर्ड करायचंच तर ते करा ना.