एन्का की कायोक्योकु? जपानी प्रेमगीतांच्या दोन वाटा

मिकी ताकाशी या जपानी संगीतकाराची दोन गाणी लागोपाठ ऐका. एक १९७७ चं, इशिकावा सायुरीनं गायलेलं ‘त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी’. दुसरं १९८६ चं, तैवानच्या तेरेसा तेंगनं जपानीत गायलेलं ‘तोकि नो नागारे नि मि ओ माकासे’. दोन्हींत प्रेमात पुरती बुडालेली बाई आहे, व्हायोलिनांचा मोठा ताफा आहे आणि लय संथ आहे. ‘जुनी जपानी प्रेमगीतं’ अशा यादीत ती शेजारीशेजारी सापडतात आणि परक्या कानाला एकाच जातीची वाटतात. जपानमध्ये मात्र पहिल्याला एन्का म्हणतात आणि दुसऱ्याला बहुतेक जण कायोक्योकु म्हणतील.

हा फरक कळला की ऐकण्याची मजा कितीतरी वाढते. शिवाय सध्या जपानी गाण्यांचं वेड लागलेली मंडळी सिटी पॉप या शहरी, पाश्चात्त्य वळणाच्या गाण्यांपाशीच थांबतात, आणि त्याच काळातला हा एवढा मोठा खजिना बाहेरच्या जगात जवळजवळ न ऐकलेलाच राहतो. जपानमध्ये ही गाणी घराघरात ठाऊक आहेत, आपल्याकडे नाहीत.

आधी नात्याचा उलगडा करू. कायोक्योकु हे मोठं घर आहे. रेडिओ, सिनेमा, रेकॉर्ड आणि पुढे टीव्ही यांतून विसाव्या शतकात जपानभर पसरलेलं लोकप्रिय गाणं, एवढा त्याचा पैस. आज ज्याला एन्का म्हणतात ते याच घरातलं, फक्त १९७० च्या आसपास वेगळी चूल मांडलेलं. एन्का हे नाव त्याहून जुनं आहे. १८८० च्या दशकातल्या लोकहक्क चळवळीत भाषणांवर बंदी आल्यावर रस्त्यावर गायल्या जाणाऱ्या राजकीय गाण्यांना ते होतं. पण १९३१ मध्ये कोगा मासाओनं ‘साके वा नामिदा का तामेइकी का’ हे दारू, अश्रू आणि उसाशांचं विरहगीत बांधलं, तेव्हा त्याला कुणी एन्का म्हटलं नव्हतं. १९६९ मध्ये फुजी केइको नावाची घोगऱ्या आवाजाची तरुण मुलगी आली आणि पुढच्याच वर्षी तिच्या पहिल्या दोन अल्बमनी मिळून सलग ३७ आठवडे विक्रीत पहिला क्रमांक सोडला नाही. अशा गाण्यांवर एन्का ही पाटी त्याच सुमारास पक्की बसली, आणि मग मागे जाऊन कोगाच्या गाण्यांवरही चिकटवली गेली. म्हणून ‘एन्का म्हणजे प्राचीन परंपरा आणि कायोक्योकु म्हणजे आधुनिक’ ही सर्रास सांगितली जाणारी फोड मला अजिबात पटत नाही. दोघांच्या वाद्यवृंदात सॅक्सोफोन आहे, इलेक्ट्रिक गिटार आहे. (याच फुजी केइकोची मुलगी म्हणजे उतादा हिकारू, जिचा ‘फर्स्ट लव्ह’ हा १९९९ चा अल्बम जपानमध्ये सर्वाधिक खपलेला ठरला.)

कपड्यांवरून ओळखायला जाल तर तेही फसवं आहे. किमोनो दिसला की एन्का, गाऊन दिसला की कायोक्योकु, हे बऱ्याचदा जमतं आणि नेमकं हवं तेव्हा चुकतं. लिहिणाऱ्याच्या नावावरून तर काहीच ठरत नाही. आवाजी बेटावरचा गीतकार आकु यू घ्या. १९७६ ते १९७८ अशी सलग तीन वर्षं जपान रेकॉर्ड पुरस्कार मिळालेली गाणी त्याचीच: मियाको हारुमीचं ‘किता नो यादो कारा’, सावादा केंजीचं ‘कात्ते नि शियागारे’ आणि पिंक लेडी या जोडीचं ‘यूएफओ’. पहिलं अस्सल एन्का, दुसरं रुबाबदार कायोक्योकु, आणि तिसऱ्यात मुलगी परग्रहावरच्या प्रियकराच्या प्रेमात पडलेली. ‘त्सुगारु काइक्यो’चे शब्दही त्याचेच.

स्वरांवरून? इथं आपल्या कानाला थोडा आधार मिळतो. बऱ्याच एन्का पाच स्वरांत बांधलेल्या असतात. सप्तकातला चौथा आणि सातवा स्वर गाळायचा, म्हणजे उरतात सा रे ग प ध. भूप ऐकत वाढलेल्या माणसाला सेन मासाओचं ‘किताग्नी नो हारु’ (१९७७) म्हणूनच पहिल्या ओळीपासून ओळखीचं वाटतं. शहरात राहणारा एक मुलगा गावाकडचा वसंत आठवतोय, आणि मध्येच त्याला ती मुलगी आठवते: दोघांनीही ‘आवडतेस’, ‘आवडतोस’ म्हटलं नाही आणि ताटातूट होऊन पाच वर्षं झाली. याचंच उदास रूप म्हणजे गंधार आणि धैवत कोमल. शिवरंजनीत धैवत कोमल केला तर जे स्वर हाती येतात, तेच. पण ही खूणही पुरती भरवशाची नाही, कारण पाच स्वर वापरणारी कायोक्योकुही आहेत. त्यातल्या एका फार मोठ्या गाण्याकडे पुढे येतोच.

मग खरी खूण कुठली? पहिली गळ्यात आहे. लांब ठेवलेल्या स्वराच्या शेपटीकडे कान द्या. एन्का गाणारी बाई एका अक्षरावर दोन-तीन स्वर झटकन फिरवते. याला कोबुशी म्हणतात आणि आपल्या मुरकीशी तिचं जवळचं नातं वाटतं. मग स्वर सरळ धरते, आणि मागून रुंद कंप सोडते. मियाको हारुमीनं १९६४ च्या ‘आंको त्सुबाकी वा कोइ नो हाना’मध्ये तर गुरगुरल्यासारखा आवाज काढून गाजवला. तेरेसा तेंग यातलं जवळजवळ काही करत नाही. तिचा आवाज कानाशी बोलल्यासारखा येतो, अक्षर संपलं की स्वरही अलगद सोडते. तिची ही गाणी यूसेन नावाच्या केबल रेडिओवरून बारमध्ये आणि दुकानांत रुजली. १९८४ ते १९८६ सलग तीन वर्षं त्या प्रसारणाचा सर्वोच्च पुरस्कार तिला मिळाला.

दुसरी खूण मला जास्त महत्त्वाची वाटते: गाणं कुठं उभं आहे. ‘त्सुगारु काइक्यो’च्या पहिल्याच वाक्यात टोकियोच्या उएनो स्टेशनातून सुटलेली रात्रीची गाडी मुख्य बेटाच्या उत्तर टोकाकडच्या आओमोरीच्या बर्फात पोचलेली असते. साताठशे किलोमीटरचा प्रवास, प्रेमाचा शेवट आणि रडून घालवलेली रात्र, सगळं त्या एका उडीत गिळलेलं. उत्तरेकडे परतणारी माणसं गप्प आहेत, फक्त समुद्राची गाज ऐकतायत. ती सामुद्रधुनीपलीकडच्या होक्काइडो बेटाला जाणाऱ्या फेरीबोटीवर एकटी चढते. दुसऱ्या कडव्यात कुणी अनोळखी माणूस बोट दाखवून सांगतो, ते बघा तप्पी टोक. ती खिडकीवरची वाफ पुसते, तरी धुक्याशिवाय काही दिसत नाही. त्या माणसाबद्दल, ज्याच्यासाठी हे सगळं, जवळजवळ एक शब्द नाही. १९८८ च्या मार्चमध्ये समुद्राखालचा सेइकान बोगदा सुरू झाला आणि ती फेरी बंद पडली. तप्पी टोकावर आज या गाण्याचा शिलालेख आहे. बटण दाबलं की वाऱ्यात गाणं सुरू होतं.

आता ‘तोकि नो नागारे’ ऐका. तू भेटला नसतास तर मी काय करत असते? कुणावर तरी साधंसं प्रेम केलं असतं, साधंसं जगले असते. आता काळाच्या ओघात स्वतःला सोडून दिलंय, तुझ्या रंगात रंगलेय, जवळ राहू दे. इथं गावाचं नाव नाही, ऋतू नाही, बंदर नाही. फक्त ‘तू’ आणि ‘मी’. म्हणूनच १९८७ मध्ये तिनं तेच गाणं मँडरिन चिनीत सहज नेलं आणि ते तिथंही तितकंच घट्ट रुजलं. इशिकावाचं गाणं असं हलवता येत नाही. आओमोरी काढून घ्या, काय उरेल?

‘किता नो यादो कारा’तही तेच. उत्तरेकडच्या एका सराईत बसलेली बाई थंडी सोसत स्वेटर विणतेय, तो कधीच अंगात घालणार नाही हे ठाऊक असून. शब्द सात आणि पाच मात्रांच्या जुन्या जपानी चालीत पडतात. याच्या शेजारी आकु यूचंच ‘माता आउ हि मादे’ (१९७१) ठेवा. ओझाकी कियोहिको भरदार आवाजात गातो, ब्रास वाद्यं दणदणीत वाजतात, आणि गोष्ट आहे दोघांनी मिळून घराचं दार ओढून घेण्याची, दारावरचं नाव मिळून पुसण्याची. कारण विचारू नका, पुन्हा भेटू. खोली कुठल्याही शहरातली असू शकते. मला हे निरोपाचं गाणं कित्येक रडक्या गाण्यांहून मोठं वाटतं.

आणि आता ते पाच स्वरांचं गाणं. चिआकी नाओमीचं ‘कास्साइ’, १९७२. रंगमंचावर रोजच्यासारखा पडदा उघडतो आणि गायिकेच्या हाती मृत्यूची बातमी देणारा काळ्या कडांचा कागद येतो. तीन वर्षांपूर्वी तिला जाऊ नको म्हणणारा, ज्याला मागे टाकून ती गाडीत चढली होती, तो गेला. गावातलं चर्च, काळे कपडे, भर दुपार. आणि तरीही आज ती प्रेमाचं गाणं गाते. संगीतकार नाकामुरा ताइजीनं चाल पाच स्वरांची दिली, पण चिआकी कोबुशी घेत नाही, गावाचं नावही येत नाही. ती प्रसंग बोलून दाखवल्यासारखी गाते, आणि आवाज चढतो तो फक्त जिथं आठवण असह्य होते तिथं. मी हे कायोक्योकुतच धरतो. एन्का मानणारेही भेटतील. १९९२ मध्ये पती वारल्यानंतर चिआकी पुन्हा लोकांसमोर गायली नाही.

ऐकायला सुरुवात करायची तर ‘कास्साइ’ आणि ‘त्सुगारु काइक्यो’ एका संध्याकाळी ऐका. इशिकावाचं ‘अमागी-गोए’ (१९८६) मात्र पहिल्याच दिवशी नको. इझू द्वीपकल्पातला खराखुरा घाट, खराखुरा बोगदा, जोरेन धबधबा, आणि तुला दुसरी कुणी नेण्यापेक्षा मीच मारू का, असं विचारणारी बाई. कोबुशीला कान सरावला की मगच त्यातली धग नीट पोचते.