इंटरनेटवरून पेरलेलं बी

‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये, दादासाहेब फाळक्यांनी एक छोटासा चित्रपट केला होता. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि महिनाभर त्याची वाढ टिपत राहिले. पडद्यावर तो अंकुर मिनिटभरात फुटून वर आला, आणि सिनेमाला पैसे देणाऱ्यांची खात्री पटली. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या आणि पुढे नाशिकलाच स्टुडिओ थाटणाऱ्या फाळक्यांनी महिन्याचा मिनिट करून दाखवला.

१९९५ मध्ये अमेरिकेत याच्या अगदी उलट प्रयोग झाला. केन गोल्डबर्ग हे रोबोटिक्सचे संशोधक आणि कलाकारही. त्यांनी जोसेफ सांतारोमाना आणि इतर सहकाऱ्यांसोबत ‘टेलिगार्डन’ उभारलं. एक गोल वाफा, त्याच्या मधोमध कारखान्यात वापरतात तसा रोबोचा हात, हाताला कॅमेरा आणि पाण्याची नळी. जगात कुठेही बसून कुणीही ब्राउझर उघडावा, हात हवा तिथे न्यावा, झाडाला पाणी घालावं. काही काळ अशी निगा राखली की स्वतःचं बी पेरायची परवानगी मिळे. पहिल्याच वर्षी नऊ हजारांवर लोकांनी नाव नोंदवलं. पुढे ही बाग ऑस्ट्रियातल्या लिंत्स शहरात, आर्स इलेक्ट्रॉनिका सेंटरमध्ये हलली आणि २००४ पर्यंत तिथे होती.

इंटरनेटवरच्या कलाकृतींत मला हीच सगळ्यात मोलाची वाटते. क्लिक करताच सगळं समोर हवं, अशी सवय लावणाऱ्या माध्यमात तिने माणसांना बी रुजायची वाट बघायला लावली. शिवाय तिने एक अवघड प्रश्न विचारला: पडद्यावर दिसणारी ही बाग खरोखर कुठे तरी आहे, हे मी कशावरून मानायचं? आधी काढून ठेवलेले फोटोही कुणी दाखवत असेल. आज बनावट व्हिडिओंच्या काळात हा प्रश्न घराघरांत पोचलाय. गोल्डबर्ग तो तीस वर्षांपूर्वी विचारत होते.

प्रेक्षकाच्या कृतीला उत्तर देणाऱ्या कलेत रंग किंवा दगड जितका महत्त्वाचा, तितकाच उत्तराला लागणारा वेळ. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांच्या सावल्यांच्या कलाकृती घ्या. तुम्ही पडद्यासमोर उभे राहता, तुमची सावली त्यावर दिसते आणि वरून आलेल्या वस्तू तिला येऊन चिकटू लागतात. अशा कामांमागची सोपी युक्ती म्हणजे वजाबाकी. रिकाम्या जागेचं चित्र संगणकाने आधीच साठवलेलं असतं. कॅमेऱ्यातून येणाऱ्या प्रत्येक नव्या चित्रातून तो ते ठिपक्याला ठिपका वजा करतो. जिथे फरक उरतो, तिथे माणूस. सेकंदाला ३० चित्रं धरली तर एका चित्रामागे जेमतेम ३३ मिलिसेकंद मिळतात. एकूण उशीर १०० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर उत्तर लगेच आल्यासारखं वाटतं. तो बराच वाढला, की ती सावली आपली वाटेनाशी होते.

इंटरनेटवर हे गणित आणखी कठीण. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. नाशिकहून लिंत्स सरळ रेषेत सहा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यातच ६० मिलिसेकंद संपले. केबल वळणं घेत जाते, वाटेतल्या यंत्रांपाशी थांबते, तेव्हा प्रत्यक्षात उशीर याहून जास्त. म्हणून दूरवरच्या कामात सावलीचा खेळ रंगणं कठीण, आणि बाग मात्र छान जमते.

याच शिल्पा गुप्तांनी २००३ मध्ये इंटरनेटवरून आशीर्वाद देणारी एक कलाकृती लंडनच्या टेट संग्रहालयासाठी केली होती. नाशिकच्या रामकुंडावर रोज हजारो माणसं स्वतः येऊन पाण्यात उतरतात. त्या शहरातल्या वाचकाला या कलाकृतीचा विषय समजावून सांगावा लागू नये.

या कला टिकवणं फार जिकिरीचं. ब्राउझरमध्ये हलती चित्रं आणि खेळ चालवणाऱ्या फ्लॅशवर केलेली असंख्य कामं २०२० अखेर अडोबी कंपनीने त्याचा आधार काढून घेताच बंद पडली. रफलसारख्या, फ्लॅशचं अनुकरण करणाऱ्या प्रणालींमुळे त्यांतली बरीच पुन्हा चालू लागली आहेत. ‘टेलिगार्डन’चे फोटो आणि नोंदी आहेत, पण त्या वाफ्यात आज पाणी घालता येत नाही.

नाशिकमध्ये असं काम व्हावं, असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं माप गोदापात्रात उभंच आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की शहर विचारतं, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. पुलाखाली ध्वनिलहरींचा सेन्सर लावून हीच पातळी दूर राहणाऱ्या नाशिककराच्या फोनवर एखाद्या चित्रात उतरवता येईल. नदीला चढायला आणि ओसरायला जितके तास लागतात, तितकेच त्या चित्रालाही लागू द्यावेत. कुणी पुढेमागे सरकवून बघायची सोय देऊ नये. पाणी पाच मीटर खाली असेल तर ध्वनी जाऊन परत यायला सुमारे २९ मिलिसेकंद लागतात. हे २० अंश तापमानाला. हवा ३० अंशांवर गेली की ध्वनी जास्त वेगाने धावतो आणि पाच मीटरमागे आठ-नऊ सेंटीमीटरची चूक पडते. त्यामुळे सेन्सरशेजारी तापमापक हवाच.