हवेत तरंगणाऱ्या पुंगळ्या

पोलिसाच्या गोळीने कोणी मरण पावले, की चौकशीत एक प्रश्न हमखास येतो : किती गोळ्या झाडल्या? सांगितलेला आकडा आणि जमिनीवर सापडलेल्या, काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांची मोजदाद जुळली नाही, तर हा माणूस खोटे बोलतो आहे, असे लोक लगेच म्हणू लागतात. काही वेळा ते खरेही असते. मुंबईतील चकमकींवरून चाललेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंच्या तपासासाठी १६ मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, त्या उगीच नव्हेत. मला येथे लिहायचे आहे ते मात्र ज्या प्रसंगी बळाचा वापर खरोखर न्याय्य होता, त्याविषयी. समोरच्याने शस्त्र उगारले, दुसरा मार्ग उरला नाही, भारतीय न्याय संहितेचे ३८ वे कलम सामान्य नागरिकालाही हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतचा हक्क ज्या परिस्थितीत देते, तशीच ती परिस्थिती होती. आणि तरीही आकडा जुळत नाही. असे का होते?

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अलेक्सिस आर्टवोल यांनी गोळीबाराच्या प्रसंगातून गेलेल्या १५७ पोलिसांची पाहणी २००२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यातील ८४ टक्के पोलिसांना आवाज दबल्यासारखे ऐकू आले होते, ७९ टक्के जणांची नजर बोगद्यातून पाहावे तशी आक्रसली होती, ६२ टक्के जणांना सगळे संथ गतीने घडत आहे असे वाटले होते, आणि ५२ टक्के जणांना प्रसंगाचा काही भाग आठवतच नव्हता. त्यांनी नोंदवलेला एक अनुभव मी विसरू शकत नाही. गोळीबार चालू असताना एका पोलिसाला आपल्या चेहऱ्यासमोरून बिअरचे डबे हळूहळू तरंगत जाताना दिसले आणि त्या डब्यांच्या बुडावरचा ‘फेडरल’ हा शब्दही त्याने वाचला. ते डबे म्हणजे शेजारच्या सहकाऱ्याच्या शस्त्रातून उडणाऱ्या पुंगळ्या होत्या. फेडरल ही काडतुसे बनवणारी कंपनी आहे. बोटाच्या पेरात मावेल एवढी वस्तू त्याला डब्याएवढी दिसली, तिच्यावरची बारीक अक्षरे मात्र त्याने अचूक वाचली होती.

मग भीतीच्या क्षणी मेंदूचे घड्याळ खरोखर मंदावते का? अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यासाठीच रचला होता, आणि प्रयोग कसा रचावा याचा तो मला फार सुंदर नमुना वाटतो. स्वयंसेवकांना ३१ मीटर उंचीवरून, कोणताही दोर न बांधता, पाठ खाली करून जाळीत सोडण्यात आले. पडायला सुमारे अडीच सेकंद लागतात. प्रत्येकाच्या मनगटावर एक छोटा पडदा होता. त्यावर एक आकडा आणि त्याच आकड्याची उलटी प्रतिमा, म्हणजे उजळ ठिपके काळे आणि काळे ठिपके उजळ, इतक्या वेगाने आलटून पालटून झळकत होत्या की जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला त्या एकमेकींत मिसळून गेलेल्या दिसत आणि आकडा वाचता येत नसे. पडताना दृष्टीचा वेग खरोखर वाढत असता, तर तो आकडा वाचता आला असता. पण जमिनीवर असतानापेक्षा तो त्यांना अधिक चांगला वाचता आला नाही. उलट, दुसऱ्याच्या पडण्याला किती वेळ लागला याच्या अंदाजापेक्षा स्वतःच्या पडण्याचा अंदाज त्यांनी सरासरी ३६ टक्के जास्त सांगितला. याचा अर्थ असा, की पाहण्याचा वेग होता तेवढाच राहतो. त्या क्षणाच्या नोंदी दाट होतात, आणि मागे वळून पाहताना दाट नोंदींचा काळ लांब वाटतो.

ही दाट नोंद करवून घेणारी साखळी अशी आहे. धोका जाणवताच मस्तिष्कस्तंभातील लोकस सेरुलियस हा पेशींचा लहानसा पुंजका मेंदूभर नॉरअॅड्रेनलिन सोडतो आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अॅड्रेनलिन ओततात. मेंदूतील भीतीसारख्या भावना हाताळणारा, बदामाच्या आकाराचा अमिग्डाला यामुळे उत्तेजित होतो आणि स्मृती पक्की करणाऱ्या हिप्पोकॅम्पसला जणू खूण करतो, की हे जपून ठेव. स्मृतीचे संशोधक कॅहिल, मॅक्गॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये काही लोकांना एका मुलाच्या अपघाताची गोष्ट चित्रांसह ऐकवली. त्यातील काहींना या रसायनांचा परिणाम अडवणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध आधी दिलेले होते. आठवड्याने विचारले तेव्हा औषध न घेतलेल्यांना गोष्टीतला भावनिक भाग इतर भागांपेक्षा चांगला आठवत होता. औषध घेतलेल्यांच्या स्मृतीत हा फरक जवळजवळ नाहीसा झाला होता. पण ही खूण सगळ्याच गोष्टींवर होत नाही. लक्ष ज्यावर खिळले आहे, म्हणजे समोरची बंदूक, तेवढ्याचीच नोंद गडद होते, आणि परिघावरच्या गोष्टी, त्यात आपलेच बोट किती वेळा दाबले गेले हेही आले, फिकट राहतात. म्हणून एकाच माणसाला पुंगळीवरचे अक्षर आठवते आणि स्वतःच्या गोळ्यांची संख्या आठवत नाही.

हीच गडद नोंद पुढे रात्री त्रास देते. मारलेल्याचा आत्मा पाठ सोडत नाही, शांत करून घ्या, असा सल्ला देणारे आपल्याकडे भेटतात, आणि त्यात दिवस व पैसा दोन्ही वाया जातात. डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा उभे राहते ते स्वतःच्याच मेंदूने जपलेले चित्र असते, आणि आघातकेंद्री मानसोपचाराने त्याची धार कमी करता येते. प्रसंगानंतर लगेच एकदाच बसवून सगळे बोलायला लावण्याची पद्धतही मध्यंतरी फार गाजली होती. अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतल्यावर तिने पुढचा आघातोत्तर तणावाचा विकार टळत नाही असे दिसले.

न्याय्य ठरल्याने मनावरचा भार उतरतोच असे नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शिरा मॅग्वेन यांनी २०१० मध्ये इराकहून परतलेल्या २७९७ अमेरिकी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. युद्धातील इतर अनुभवांचा परिणाम वेगळा काढल्यानंतरही, ज्यांनी जीव घेतला होता त्यांच्यात आघातोत्तर तणावाची लक्षणे, दारूचा अतिरेक आणि राग अधिक आढळला. मात्र जीव घेणारा प्रत्येक जण आयुष्यभर खचतो, हेही खरे नाही. लॉस एंजेलिसमध्ये नवखा पोलीस असताना डेव्हिड क्लिंगर यांना १९८१ मध्ये एका माणसावर गोळी झाडावी लागली, त्यात तो मेला. पुढे संशोधक झाल्यावर त्यांनी ११३ गोळीबारांतील ८० पोलिसांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या. बहुतेकांचा त्रास तीन महिन्यांत बराच ओसरला होता, आणि सहकारी व चौकशी अधिकारी आपल्याशी नीट वागले असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात तो कमी राहिला होता. चौकशी सौम्य करावी असा याचा अर्थ मी घेत नाही. गोळ्यांचा आकडा पुंगळ्या मोजून आणि न्यायवैद्यक तपासणीतून मिळतो. पोलिसाने सांगितलेला आकडा जसाच्या तसा लिहून घ्यावा, आणि तो चुकला एवढ्यावरून त्याला खोटारडा ठरवू नये.