अनियंत्रित उच्च रक्तदाब : गोव्यातील अल्प उत्पन्न गटातील जोखीम घटक

निदान होऊन औषध सुरू झाल्यानंतरही रक्तदाब १४०/९० च्या खाली राहत नसेल, तर त्याला अनियंत्रित उच्च रक्तदाब म्हणतात. मूत्रल (लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकणारे औषध) धरून तीन वेगवेगळ्या गटांतील औषधे पुरेशा मात्रेत व नियमित घेऊनही दाब उतरत नसेल, तर तो प्रतिरोधी मानला जातो. गरीब रुग्णांत मात्र औषध निष्प्रभ ठरलेले क्वचितच आढळते; बहुधा ते अपुऱ्या मात्रेत लिहून दिलेले असते किंवा मध्येच बंद पडलेले असते.

गोव्यात अंतरे थोडी आहेत आणि सरकारी आरोग्य केंद्रांत रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या मोफत मिळतात. त्यामुळे येथे गोळीच्या किमतीपेक्षा ती आणण्यात बुडणारा रोज अधिक महाग पडतो. बाह्यरुग्ण विभागाची वेळ सकाळची, आणि मासळी विकणाऱ्या बाईचा बाजारही सकाळचाच. ट्रॉलरवरील खलाशी, ज्यांत ओडिशा, झारखंड व कर्नाटकातून आलेले अनेक आहेत, दिवसचे दिवस समुद्रावर असतात. गावी गेल्यावर त्यांचे उपचाराचे कागद मागे राहतात आणि परतल्यावर तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. २०१६ साली सुरू झालेली दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी असून तिला गोव्यातील पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. साहजिकच नव्याने आलेला मजूर तिच्या बाहेर राहतो. उच्च रक्तदाबाला बहुधा लक्षणे नसतात, त्यामुळे डोके दुखत नाही म्हणजे ‘प्रेशर’ उतरले, असे समजून गोळी सोडणारेही पुष्कळ असतात.

आहारात सर्वांत मोठा वाटा मिठाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे. गोव्यात पावसाळ्यापूर्वी पुरुमेंताची बेगमी होते : खारे बांगडे, सुकी सुंगटे (कोळंबी), मिठात घातलेल्या कैऱ्या, लोणची. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात ताजी मासळी महागते आणि गरिबाच्या पेजेबरोबर हीच साठवण ताटात येते. ‘मीठ कमी करा’ हा सल्ला अशा घरात फारसा उपयोगी पडत नाही, कारण वरून घालायच्या मिठापेक्षा खारवलेल्या पदार्थातले मीठच जास्त असते. खारी मासळी भिजवून पाणी टाकून देण्याची सूचना त्यापेक्षा व्यवहार्य आहे.

नियमित मद्यपानाने दाब वाढतो, मग ती फेणी असो वा अन्य दारू. अंगमेहनतीच्या दुखण्यावर दुकानातून परस्पर घेतलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांमुळे शरीरात मीठ व पाणी साठते आणि रक्तदाबाच्या अनेक औषधांचा परिणाम घटतो; हा घटक विचारल्याशिवाय सहसा समोर येत नाही. स्थूलता, मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार, नैराश्य व झोपेतील श्वसनरोध हेही नियंत्रण अवघड करतात.

सर्व दोष रुग्णाच्या माथी मारणे मात्र योग्य नाही. गर्दीच्या विभागात वरचा दाब १६० दिसूनही जुनीच चिठ्ठी पुढे चालवली जाते, मात्रा वाढत नाही. ॲम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने काहींचे पाय सुजतात, मूत्रल घेतल्यावर वारंवार लघवीला जावे लागते. बांधकामावर किंवा बाजारात, जिथे स्त्रियांना शौचालयाची सोय अपुरी असते, तिथे गोळी टाळण्याला हे पुरेसे कारण आहे, आणि असे रुग्ण औषध बदलून देण्याऐवजी ‘बेफिकीर’ ठरवले जातात. गोळ्यांची संख्या घटली की सातत्य वाढते. दोन औषधे एकाच गोळीत असलेल्या मिश्रणांचा जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.